तीन बॉलचं मशीन फुंकायचं की ओढायचं? दम लागणाऱ्यांसाठी घरच्या श्वासाच्या यंत्रांची सोपी माहिती

प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक रंगीत बॉल आणि बाजूला एक नळी. हे मशीन तुमच्या घरात नसेल तर शेजारी नक्की असेल. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत ते गावोगावच्या मेडिकलमध्ये पोहोचलं. लाट ओसरली, मशीन कपाटावर राहिलं. आता थंडी सुरू झाली, बाबांना किंवा आजीला धाप लागायला लागली, की कुणीतरी ते खाली काढतं, धूळ पुसतं आणि म्हणतं, "जोरात फुंका."

चूक तिथेच होते. ते मशीन फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांना वर्षानुवर्षं दम लागतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ज्या गोष्टीची गरज असते, ती हे मशीन देत नाही.

बाजारात श्वासाच्या व्यायामाची यंत्रं अनेक आहेत. दोनशे-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. दिसायला सारखी, पण कामं वेगवेगळी. कोणतं कशासाठी, कुणी वापरावं, कुणी वापरू नये आणि यंत्र न घेता काय करता येतं, ते या लेखात पाहू. उदाहरणासाठी गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव डोळ्यांसमोर ठेवू. पण गोष्ट चंद्रपूरची असो की चिपळूणची, फुप्फुसं सगळीकडे सारखीच.

थोडक्यात सांगायचं तर

- तीन बॉलचं मशीन श्वास आत ओढण्याच्या व्यायामासाठी आहे. त्याचं मूळ काम ऑपरेशननंतर फुप्फुस नीट उघडं ठेवणं.
- कफ सुटत नसेल तर फुंकण्याची वेगळी यंत्रं असतात. त्यात हवा अडवत, कंपनं देत बाहेर सोडतात.
- श्वासाच्या स्नायूंची ताकद वाढवणारं यंत्र तिसऱ्या प्रकारचं. त्यात श्वास ओढायला मुद्दाम जड केलेलं असतं.
- पीक फ्लो मीटर आणि ऑक्सिमीटर ही मोजायची साधनं आहेत, व्यायामाची नाहीत.
- जुन्या दमेकऱ्यांसाठी सगळ्यात जास्त पुरावा आहे तो रोज चालण्याचा, पायांच्या व्यायामाचा आणि नीट घेतलेल्या पंपाचा.
- धाप अचानक वाढली असेल तर कोणतंही यंत्र वापरत बसू नका. दवाखाना गाठा.

आधी आजार कोणता, ते कळू द्या

आपल्याकडे दम लागला की सरसकट "दमा आहे" म्हणतात. या एका शब्दाच्या पोटात किमान चार आजार असतात.

पहिला खरा दमा, म्हणजे अस्थमा. यात श्वासनलिका मधूनमधून आवळतात आणि औषधाने पुन्हा मोकळ्या होतात. दुसरा सीओपीडी. यात नलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात आणि त्रास हळूहळू वाढत जातो. तिसरा टीबी बरा झाल्यानंतर मागे राहिलेलं खराब फुप्फुस. जंतू गेलेले असतात, पण डाग, आकसलेला भाग किंवा सैल पडून कफ साठवणाऱ्या नलिका राहतात. अशा सैल नलिकांना ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. चौथा प्रकार फुप्फुस कडक होण्याचा, म्हणजे फायब्रोसिसचा. शिवाय हृदय कमजोर असलं किंवा रक्त फार कमी असलं तरी दम लागतोच.

आमगावसारख्या भागात या आजारांना खतपाणी घालणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. गोंदिया हा धानाचा जिल्हा. मळणीची धूळ, राइस मिलचा भुसा, जाळलेली तणस, चुलीचा धूर, हिवाळ्यातली शेकोटी आणि वर बिडी. विदर्भात थंडी पडली की सगळ्यात कमी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव वारंवार येतं. अशा थंड सकाळी धूर जमिनीलगत बसून राहतो आणि जुन्या दमेकऱ्यांची रात्र जड जाते.

"आमच्या आईने तर कधी बिडीला हात लावला नाही, मग तिला सीओपीडी कसा?" हा प्रश्न नेहमी येतो. याचं उत्तर चुलीत आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हाच मुद्दा मांडला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूड, शेण, काडीकचऱ्याच्या धुरात श्वास घेणारे सुमारे ३०० कोटी. म्हणजे बिडी न ओढताही सीओपीडी होतो आणि तो स्वयंपाक करणाऱ्या बायकांना जास्त गाठतो.

भारतात हा आजार किती आहे? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. १९९० मध्ये हा आकडा सुमारे २ कोटी ८१ लाख होता.

सीओपीडी आहे की नाही, हे स्पायरोमेट्री नावाच्या तपासणीने ठरतं. पेशंट मशीनच्या नळीत पूर्ण जोराने फुंकतो आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते संगणक मोजतो. पंपाचं औषध दिल्यानंतरही एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर येत असेल, तर नलिका अरुंद आहेत असं धरतात. घरच्या तीन बॉलच्या मशीनचं नाव 'इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर' असल्याने गोंधळ होतो. पण बॉल वर जातात म्हणजे फुप्फुस ठीक आहे, असं ठरवता येत नाही.

हवा आत जात नाही, की बाहेर येत नाही?

सीओपीडीच्या पेशंटला वाटतं, "मला श्वास घेता येत नाही." पण खरी अडचण बहुतेक वेळा उलटी असते. जुनी हवा पूर्ण बाहेर पडत नाही.

गर्दीने भरलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. आतले लोक उतरलेच नाहीत तर स्टँडवरचे चढणार कसे? फुप्फुसात असंच होतं. श्वास सोडताना कमजोर नलिका मिटतात आणि हवा आत अडकते. पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. छाती फुगलेली राहते, मानेचे स्नायू ताणले जातात, माणूस थकतो.

हे एकदा कळलं की यंत्रांचं कोडं सुटायला लागतं. अशा माणसाला "अजून ओढा, अजून ओढा" किंवा "जोर लावून फुंका" सांगणं फारसं कामाचं नाही. जोर लावून फुंकलं की नलिका आणखी लवकर मिटतात. त्याला हवं असतं ते सावकाश आणि पूर्ण बाहेर सोडणं.

यंत्र पहिलं: तीन बॉलचं मशीन

या प्रकारच्या यंत्रामागची कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेतले सर्जन रॉबर्ट बार्टलेट यांनी पुढे आणली. कल्पना साधी होती, जांभईची. जांभई देताना आपण नकळत खूप खोल श्वास घेतो आणि फुप्फुसाचे कोपरे उघडतात. पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं की दुखण्यामुळे माणूस वरवरचा श्वास घेतो, खालचा भाग मिटतो, तिथे कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. म्हणून डोळ्यांना दिसेल असं काहीतरी द्यावं, म्हणजे पेशंट स्वतःहून खोल श्वास घेईल. बॉल हे फक्त प्रोत्साहन आहे.

मशीनवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. हे हवेच्या वेगाचे आकडे आहेत, दर सेकंदाला इतके मिलिलिटर. ती किती हवा गेली याची मोजणी नव्हे. इथे एक गणित लक्षात ठेवा. पहिला बॉल तीन सेकंद वर धरला तर साधारण १,८०० मिलिलिटर हवा आत गेली. तिन्ही बॉल झटक्यात अर्धा सेकंद उडवले तर जेमतेम ६००. म्हणजे घरातल्या पोराने "मी तिन्ही उडवले" म्हणून मारलेल्या बढाईपेक्षा आजीने एकच बॉल शांतपणे वर धरून ठेवणं जास्त कामाचं.

वापरायचं असं:

१. ताठ बसा. मशीन डोळ्यांसमोर उभं धरा.
२. आधी श्वास नेहमीसारखा बाहेर सोडा.
३. नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश, खोल श्वास आत ओढा.
४. बॉल वर गेला की दोन-तीन सेकंद तसाच राहील असं पाहा.
५. नळी तोंडातून काढा आणि आरामात श्वास सोडा.
६. मध्ये थोडं थांबत पाच ते दहा वेळा करा. नंतर खोकून कफ येतो का पाहा.

सलग घाईने केलं तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. मशीन खराब नसतं, श्वास गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या.

याचा उपयोग कुणाला?

मुख्यतः ऑपरेशननंतर, बरगडी मोडल्यावर, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर. तिथेसुद्धा नुसतं मशीन पुरत नाही. अमेरिकेतल्या श्वसनतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ च्या मार्गदर्शनात सांगितलं, की हे यंत्र एकटं, सरसकट सगळ्यांना देऊ नये. त्याच्या जोडीला खोकणं, लवकर उठून बसणं, चालणं हवं.

पूर्व विदर्भासाठी मात्र एक उपयोग खास महत्त्वाचा आहे, तो सिकलसेलचा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण अनेक कुटुंबांत आहेत. छातीत किंवा पाठीत दुखण्याचा झटका आला की मूल वरवरचा श्वास घेतं आणि फुप्फुसाची गंभीर गुंतागुंत होऊ शकते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ८ ते २१ वर्षांच्या रुग्णांना अशा झटक्यात, जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा हे मशीन ओढायला लावलं. मशीन वापरलेल्या १९ झटक्यांपैकी एकात फुप्फुसाची गुंतागुंत झाली, न वापरलेल्या १९ पैकी आठात. अभ्यास छोटा होता, पण तेव्हापासून दवाखान्यात भरती झालेल्या सिकलसेल रुग्णांना हा व्यायाम सांगितला जातो. घरात सिकलसेलचं मूल असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. पण झटक्यात छाती दुखत असेल तर घरी मशीन ओढत थांबायचं नाही, भरतीच करायचं.

आणि सीओपीडीत? तिथे या मशीनने दम कमी होतो, याचा भक्कम पुरावा नाही. सावकाश केलं तर सहसा नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर पंप किंवा चालणं सोडलं तर नुकसान नक्की.

यंत्र दुसरं: कफ सोडवणारं

काही जणांचा मुख्य त्रास कफाचा असतो. सकाळी अर्धा तास खोकलं तरी बेडका सुटत नाही. टीबीनंतर नलिका सैल झालेल्यांचं असंच होतं. त्यांच्यासाठी फुंकायची यंत्रं आहेत.

तत्त्व असं, की श्वास बाहेर सोडताना थोडा अडथळा ठेवायचा. त्या दाबाने नलिका मिटत नाहीत, हवा कफाच्या मागे पोहोचते आणि कफ पुढे सरकतो. काही यंत्रांत आत स्टीलची गोळी किंवा चुंबकाची पट्टी असते. फुंकलं की ती थरथरते, छातीत बारीक कंपनं जातात आणि चिकट कफ सैल होतो. 'फ्लटर' आणि 'अकापेला' ही या प्रकारातली जुनी नावं.

यातही जोर लावायचा नसतो. नेहमीपेक्षा थोडा मोठा श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि सावकाश फुंकायचं. असे दहा-बारा श्वास झाले की 'हफ' करायचा. म्हणजे चष्मा पुसण्याआधी काचेवर वाफ सोडतो तसं तोंड उघडं ठेवून 'हा' करत हवा सोडायची. खोकण्यापेक्षा यात दमणूक कमी होते आणि कफ वर येतो.

युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शनात, ब्रॉन्किएक्टेसिसमुळे रोज कफ पडणाऱ्यांना प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून कफ काढण्याची पद्धत शिकवावी आणि ती दिवसातून एक-दोनदा करावी, असं सांगितलं आहे. इथे 'शिकवावी' हा शब्द महत्त्वाचा. यंत्र विकत मिळतं, पद्धत समोर बसून शिकावी लागते.

बाटलीचा स्वस्त पर्याय

याच तत्त्वावर एक घरगुती साधन अनेक देशांतले फिजिओथेरपिस्ट वापरतात. बाटलीत पाणी घ्यायचं, नळीचं टोक पाण्यात साधारण १० सेंटिमीटर खोल ठेवायचं आणि दुसऱ्या टोकातून सावकाश बुडबुडे काढायचे. पाणी जितकं खोल तितका अडथळा, म्हणजे इथे पाण्याच्या १० सेंटिमीटर उंचीइतका दाब. बुडबुड्यांमुळे कंपनंही मिळतात. लहान मुलांना तर हा खेळच वाटतो.

पण तीन नियम पाळा. बाटलीचं तोंड उघडं हवं, बूच लावून नळी घट्ट बसवायची नाही, नाहीतर हवा जायला वाट राहत नाही. नळी बोटाएवढी रुंद हवी, शीतपेयाची बारीक स्ट्रॉ नको, तिने अडथळा फार वाढतो. पाणी रोज बदलायचं आणि ते ओढायचं नाही. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

यंत्र तिसरं: श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम

हाताचे स्नायू वजन उचलून मजबूत होतात, तसे श्वासाचेही होतात. या यंत्रात एक स्प्रिंगची झडप असते. ठरावीक ताकदीने ओढल्याशिवाय ती उघडत नाही. ताकद वाढली की स्प्रिंग थोडी घट्ट करायची. सुरुवात साधारणपणे पेशंटच्या जास्तीत जास्त ताकदीच्या ३० टक्क्यांपासून करतात. ती ताकद मोजायला वेगळं उपकरण लागतं, म्हणून अंदाजाने स्प्रिंग फिरवत बसू नये.

याचा फायदा किती? जगभरचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये सीओपीडीबद्दलचे निष्कर्ष मांडले. पेशंट आधीच चालण्या-व्यायामाच्या कार्यक्रमात असेल तर हे यंत्र जोडून त्याला जाणवेल असा जास्तीचा फायदा दिसत नाही. नुसतं यंत्र वापरलं तर श्वासाची ताकद वाढते, दमही काहीसा कमी होतो, पण फरक मोठाच असेल असं नाही. थोडक्यात, गुडघेदुखीमुळे चालताच येत नाही अशा माणसासाठी विचार करण्यासारखं. चालू शकणाऱ्याने काही हजार रुपये आधी यावर घालवू नयेत.

ज्यांच्या फुप्फुसाला पूर्वी छिद्र पडून छातीत हवा साठली होती किंवा कानाचा पडदा फाटला आहे, त्यांनी हे यंत्र वापरू नये.

मोजायची साधनं वेगळी

पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकायचं असतं. अस्थमात ते खूप उपयोगी. तब्येत उत्तम असतानाचा आपला सर्वोत्तम आकडा लिहून ठेवा. रोजचा आकडा त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक. ५० ते ८० मध्ये असेल तर सावध व्हा आणि डॉक्टरांनी सांगितलेली वाढीव औषधं घ्या. ५० च्या खाली आला तर लगेच दवाखाना.

ऑक्सिमीटर बोटाला लावताना बोट गरम हवं, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. सीओपीडीच्या काही पेशंटचा नेहमीचा आकडाच थोडा कमी असतो. म्हणून बरं असताना किती असतो, ते डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. अशा पेशंटला ऑक्सिजन लावला तर तो बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. ९९ दिसावं म्हणून घरच्या घरी कॉन्सन्ट्रेटर वाढवणं धोक्याचं, कारण शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो.

फुगा, शंख आणि श्वास रोखण्याचे व्हिडिओ

"दहा सेकंद श्वास रोखता आला तर तुमची फुप्फुसं ठणठणीत" हा मेसेज २०२० मध्ये सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं, की कोरोना आहे की नाही हे अशा चाचणीने कळत नाही. सीओपीडीही त्याने कळत नाही.

फुगा फुगवणं आणि शंख वाजवणं यात जोर लावून फुंकावं लागतं. निरोगी माणसाला हरकत नाही. पण ज्यांची छाती आधीच फुगलेली आहे, ज्यांच्या फुप्फुसात हवेचे मोठे फोड आहेत, त्यांनी ते टाळावं. भराभर कपालभाती करण्याबद्दलही हेच. सावकाश अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी बहुतेकांना झेपते, पण श्वास रोखून धरायचा नाही.

यंत्राशिवाय: ओठांचा चंबू आणि पायांची चाल

आता फुकटातली गोष्ट. बशीतला गरम चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करा. नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्या. चंबूतून चार मोजेपर्यंत सावकाश सोडा. गाल फुगवायचे नाहीत, जोर लावायचा नाही. ओठांच्या या छोट्या अडथळ्याने नलिका मिटायच्या थांबतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. मघाची एसटी रिकामी व्हायला लागते. जिना चढताना, बादली उचलताना, हापशीवर पाणी भरताना, म्हणजे नेमक्या जोराच्या क्षणी श्वास सोडा.

दुसरी गोष्ट चालणं. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पाय अशक्त होतात, अशक्त पायांना जास्त हवा लागते आणि दम आणखी लागतो. हे चक्र तोडण्याच्या उपचाराला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. कॉक्रेनने २०१५ मध्ये ६५ अभ्यास आणि ३,८२२ रुग्णांची माहिती तपासली. सीओपीडीत अशा कार्यक्रमाने दम, थकवा आणि चालण्याची क्षमता, तिन्हींत जाणवण्याइतका फरक पडतो, असं दिसलं. इतका ठाम पुरावा वर सांगितलेल्या एकाही यंत्राच्या बाजूने नाही.

घरी सुरुवात अशी करता येईल:

- सपाट रस्त्यावर पाच मिनिटं चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवा. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवा.
- खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, पाच ते दहा वेळा.
- अर्धा लिटर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली करा.
- पंप सांगितला असेल तर चालण्याआधी घ्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा.
- हिवाळ्यात पहाटे नको. ऊन पडल्यावर आणि धूर विरल्यावर बाहेर पडा.

हृदयाचा त्रास असेल किंवा चालताना ऑक्सिजन खाली जात असेल, तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्या.

स्वच्छता: एक तोंड, एक नळी

एकाचं यंत्र दुसऱ्याने वापरू नये, नवरा-बायकोनेही नाही. वापरानंतर तोंडाला लावायचा भाग साबणाच्या पाण्याने धुवा, झटका, पूर्ण वाळू द्या. उकळायचं का, ते पत्रकावर पाहा, काही प्लॅस्टिक वितळतं. वर्षभर कपाटावर पडलेली नळी तशीच तोंडात घालू नका.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असं काही असेल तर कोणतंही यंत्र सुरू करण्याआधी थुंकीची तपासणी करा. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पूर्वी एकदा टीबी झाला असेल तरी पुन्हा तपासा.

इथे थांबा, दवाखाना गाठा

- एक वाक्य सलग बोलता येत नाही
- ओठ किंवा नखं निळसर दिसतात
- गुंगी येते, माणूस असंबद्ध बोलतो
- छातीत एकदम दुखून दम वाढला
- थुंकीतून रक्त पडलं
- ऑक्सिमीटरचा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली आला
- पंप घेऊनही आराम नाही

अशा वेळी पेशंटला पुढे झुकवून बसवा, डॉक्टरांनी सांगितलेला पंप द्या आणि १०८ ला फोन करा. "थोडं मशीन ओढून बघू" यात गेलेला अर्धा तास महाग पडू शकतो.

आमगावात असाल तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात आशाताईपासून. तीस वर्षांवरील लोकांसाठी आशा जो तपासणी फॉर्म भरते, त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, कामाच्या ठिकाणी धूर-धूळ आहे का, दम लागतो का, असे प्रश्न असतात. "आमच्याकडे गॅस आहे" एवढंच सांगून मोकळं होऊ नका. पाणी तापवायला, धान उकडायला अजून चूल पेटत असेल तर तेही सांगा. राइस मिलमधलं किंवा बिडीचं काम असेल तर तेही.

त्यानंतर आमगावचं ग्रामीण रुग्णालय. पुढची तपासणी लागली तर साधारण २५ किलोमीटरवर गोंदिया. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झालं. जाताना तीन गोष्टी विचारायच्या ठरवून जा. स्पायरोमेट्री कुठे आणि कोणत्या दिवशी होते? फिजिओथेरपिस्ट कधी भेटतील? पंप घ्यायची माझी पद्धत बरोबर आहे का, ते कोण पाहील? घरात असलेलं मशीन आणि पंप, दोन्ही पिशवीत टाकून न्या आणि त्यांच्यासमोर वापरून दाखवा. पंपाचं औषध जिभेवर आणि घशातच राहतं, ही चूक खूप जणांची होते. ती सुधारली तर नवीन यंत्राची गरजच पडत नाही, असंही होतं.

विकत घेण्याआधी पाच प्रश्न

१. माझ्या आजाराचं नेमकं नाव काय आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरलं?
२. माझा मुख्य त्रास कोणता: कफ, हवा अडकणं की स्नायूंची अशक्तता?
३. हे यंत्र ओढायचं की फुंकायचं आणि दिवसातून किती वेळा?
४. किती आठवड्यांनी फरक दिसायला हवा आणि नाही दिसला तर काय?
५. याच पैशांत आधी दुसरं काही करता येईल का? उदाहरणार्थ स्पेसर, फ्लूची लस, न्यूमोनियाची लस किंवा चूल बंद करून गॅसची टाकी.

पाचही प्रश्नांची उत्तरं मिळाली तर यंत्र जरूर घ्या आणि नीट वापरा. नाही मिळाली तर पैसे खिशात ठेवा, ओठांचा चंबू करा आणि बाबांना सोबत घेऊन ऊन पडल्यावर कोपऱ्यापर्यंत चालून या. उद्या त्याच्या पुढच्या खांबापर्यंत.

हा लेख माहितीसाठी आहे, औषधोपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढे पाठवणार असाल तर एवढी एक ओळ नक्की पाठवा: तीन बॉलचं मशीन ओढायचं असतं, फुंकायचं नसतं, आणि धाप वाढली की मशीन बाजूला ठेवून दवाखान्यात जायचं असतं.